चारशे तेरावं झाड

मोठ्या सरकारी बागेत माळीणबाईकडे एक काम कायमचं होतं. प्रत्येक बुंध्याला चुन्याचा पट्टा मारायचा, त्यावर काळ्या रंगानं नंबर घालायचा आणि दर वर्षी झाडांची यादी साहेबांना द्यायची. नंबर नाही ते झाड तिच्या लेखी झाडच नव्हतं.

एकदा ती हौसेनं सासूबाईंना बाग दाखवायला घेऊन गेली. म्हातारी सावलीत जेमतेम टेकली, तोच रखवालदार आला.

"आजी, उठा. ही बाकं इथल्या बंगलेवाल्यांसाठी आहेत."

सासूबाई काठी टेकत उठल्या. सुनेच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. पाणी आपण घालायचं आणि सावली यांनी अडवायची?

तिच्या वस्तीत सावली औषधालाही नव्हती. पाण्याच्या टाकीमागे कचऱ्यानं भरलेला एक तुकडा तेवढा होता. तिनं तो उपसला. बागेतून उपटून फेकायची रोपं साहेबांना विचारून आणली आणि तिथं लावली. शेजारणी फिदीफिदी हसल्या. सासूबाई काठी घेऊन राखणीला बसल्या आणि शेळ्यांना अन् शेजारणींना सारख्याच शिव्या घालू लागल्या. सात वर्षांत एकतीस झाडं डोक्यावर गेली. माळीणबाईनं सवयीनं नंबरही घातले. बागेतलं शेवटचं झाड चारशे बारावं, म्हणून इथलं पहिलं चारशे तेरावं.

मग एका दुपारी साहेब टेप घेऊन उगवले. तिथं गाड्या लावायला जागा करायची होती.

"कागदावर ही जागा मोकळी आहे," ते म्हणाले. तेवढ्यात साहेब बुंध्यापाशी थबकले. "हे नंबर कुणाचे?"

"माझेच. यादीत आहेत की, साहेब."

साहेबांनी यादी उघडली. चारशे त्रेचाळीस झाडं, आणि खाली त्यांचीच सही! सात वर्षं त्यांनी न वाचताच ठोकलेली. यादीतलं झाड तोडायचं नाही, हा नियमही त्यांचाच. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी टेप गुंडाळली.

वस्तीनं एकच गलका केला. माळीणबाई हसता हसता रडली.

उन्हानं घामाघूम झालेले साहेब झाडांखाली वस्तीनं टाकलेल्या बाकाकडे बघू लागले. बाकावर सासूबाई होत्या. त्या जरा सरकल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथं कुणाला उठवत नाहीत."