वेल्डाने दार वाजवलं नाही

घर स्वतःचं आहे का, असं कुणी विचारलं तर वेल्डा प्रुइट बेधडक हो म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. घर तिचंच होतं. खालची जमीन मात्र सीडर बेंड पार्क या ओढून नेता येणाऱ्या घरांच्या वसाहतीची, आणि पार्क कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या कंपनीचा. घराला चाकं होती म्हणे. पण सत्तेचाळीस वर्षांत खालचा सांगाडा असा गंजला होता की ओढायला घेतलं असतं तर फाटकातच त्याचे दोन तुकडे झाले असते. शिवाय इतकं जुनं घर दुसरा कुठलाही पार्क आत घेत नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या त्या बेचाळीस घरांपैकी निम्म्यांची हीच गत होती. चाकांवरच्या घरात राहणाऱ्यांइतकी जागेला खिळलेली माणसं मी तरी कुठे पाहिली नाहीत.

वेल्डा तिथली मॅनेजर होती. पगार बेताचाच, पण जागेचं भाडं माफ, आणि त्या माफीवरच ती नवऱ्यामागे तगून राहिली होती. नोकरी गेली असती तर भाडं सुरू झालं असतं, भाडं थकलं की जागा सोडा, आणि घर तर जागचं हलणार नाही. म्हणजे सगळं जागच्या जागी टाकून, कपड्यांची बॅग उचलून चालू लागायचं. हे तिला रोज सकाळी दात घासताना आठवायचं.

कंपनीने पार्क विकत घेतला तेव्हा पेटन नावाचा एक साहेब आला. अतिशय गोड बोलणारा. अशी माणसं मला आवडत नाहीत, पण वेल्डाला आवडला. खर्च कमी करून दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. काटकसर तर तिच्या रक्तातच होती. गवत कापणाऱ्याला तिने नारळ दिला आणि यंत्र स्वतः हाकायला लागली. लोखंडी सळई जमिनीला टेकवून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून तिने जमिनीखालच्या मुख्य पाइपातल्या तीन गळत्या शोधल्या. पेटनने तिचं तोंडभर कौतुक केलं आणि पुढचं काम सांगितलं, घरोघरी पाण्याचे मीटर. आजवर पाणी भाड्यातच यायचं, आता ज्याचं त्याने भरायचं. प्लंबरला मदत म्हणून वेल्डा एकेका घराखाली उताणी सरपटली, आणि खर्च खरंच निम्म्यावर आला.

आता त्या पार्कची एक रीत होती. घरांचे पाइप जमिनीखाली नाहीत, तर घराखालच्या मोकळ्या हवेत असतात, पत्र्याच्या आडोशामागे. कडाक्याची थंडी पडली की आतलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात. त्यावर उपाय एकच, नळाची पेन्सिलीएवढी धार चालू ठेवायची. कधी ठेवायची ते वेल्डा सांगायची. संध्याकाळी ती दारोदार जायची, टॉर्चच्या बुडाने तीनदा ठोकायची आणि ओरडायची, "नळ सोडा!" चौदा वर्षं हेच चाललं होतं. लोकांनी बातम्यांतलं हवामान बघणंच सोडून दिलं होतं. वेल्डा आली तर थंडी, नाही आली तर नाही.

डिसेंबरात ती सवयीने फिरली. महिन्याअखेर अकरा जणांनी पाण्याची बिलं कंपनीला परत धाडली. तुमच्याच मॅनेजरने नळ सोडायला लावला, मग आम्ही का भरायचं? कंपनीला ती माफ करावी लागली. मग पेटनचा फोन आला. आवाज तसाच गोड. मीटरच्या पुढे काय होतं तो भाडेकरूंचा प्रश्न, यापुढे तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही, असं त्याने बजावलं. "आणि वेल्डा, तुमच्या जागेच्या माफीचं मला वर दरवर्षी समर्थन करावं लागतं हो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

जानेवारीत थंडीची लाट आली. त्या संध्याकाळी वेल्डाने कोट घातला, बूट घातले आणि दारात उभी राहिली. मग बूट काढले. लोक काही लहान नाहीत, त्यांचं त्यांना कळतं, असं तिने स्वतःला चार वेळा सांगून पाहिलं. आपल्या घरचा नळ मात्र तिने सोडला. हे सांगताना मलाच तिच्यापेक्षा जास्त लाज वाटते.

सकाळी सहा घरांचे पाइप फुटले होते. त्यात शेजारचे एमरी ट्रॅमेल, शहात्तर वर्षांचे, एकटे. त्यांच्या स्वयंपाकघराची फळ्यांची जमीन भिजून पावासारखी फुगली होती. वेल्डाने पाणी बंद केलं आणि त्यांच्या घराखाली शिरली. म्हातारबुवा गुडघे टेकून तिला उजेड धरत होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "गार तर लागत होतं गं. नळाला हातही लावला होता. पण म्हटलं, वेल्डा आली नाही, म्हणजे तितकी थंडी नसणार."

वेल्डाने पाइपाचा फुटलेला तुकडा कापून काढला. तिला रडू आलं, पण उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं, म्हणून तिने ते आवरलं.

"मिस्टर एमरी, आज रात्रीही तशीच थंडी पडणार आहे," ती खालूनच म्हणाली. "पाइप जोडून देते. नळ सोडून ठेवा."

"मग सगळ्यांकडे जाशील ना आज?"

तिने नवा तुकडा पाइपात बसवून घट्ट आवळला. "तुम्हीच सांगा त्यांना," ती म्हणाली. "पण माझं नाव घेऊ नका."

म्हातारबुवांनी उजेड जरा खाली केला.

"तुझं नाव नाही घेतलं, तर माझं ऐकणार कोण?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि उत्तरासाठी ते तिथेच थांबून राहिले.