लॅपटॉपवरचा सांभार

आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. हे आधीच सांगून टाकते. पुण्यात एका प्रशिक्षणाला गेले असताना मी सहज बोलून गेले, की माझी आई भाजीवर सांभार फुकट देते. शेजारच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "इडलीसोबत का?" मी हो म्हटलं. एक तर समजावत बसायचा कंटाळा आला होता, आणि आईनं अकोल्याच्या बाजारात इडलीचा गाडा लावलाय ही कल्पना मला आवडून गेली. त्या बाई अजूनही भेटल्या की आईच्या इडल्यांची चौकशी करतात.

आई भाजी विकते. आमच्या मळ्यातली वांगी, मेथी, पालक घेऊन अकोल्याला बाजारात बसते. तिचा भाव एकच. गिऱ्हाइकानं कितीही घासाघीस केली तरी ती भाव सोडत नाही. शेवटी सांभाराच्या चार काड्या त्याच्या पिशवीत टाकते आणि चेहरा असा करते की घरातली शेवटची वस्तू दिली. गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात निघून जातं.

ती स्वतः गिऱ्हाईक झाली की मात्र वरतून काहीतरी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. साडीवर रुमाल, चपलेवर पॉलिशची डबी, डॉक्टरांकडून नमुन्याच्या गोळ्या. त्यामुळे बाजारात तिचा दबदबा आहे. कुणाच्या घरी लग्नाचा बस्ता काढायचा असला की दुकानात पुढं आई आणि मागं वऱ्हाड. बाकी मानपान तिच्या वाट्याला फारसा आला नाही. हा एवढा आहे, आणि तो ती जिवापाड जपते.

मी अमरावतीला शाळेत मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते, तेव्हा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "मले घेऊन चाल. तू एकटी गेली तर वरतून काही न देता तुले तसंच काढून देतीन."

दुकानदार तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. मी लॅपटॉप पसंत केला, किंमतही मान्य करून टाकली. तोवर आई पंख्याखाली खुर्चीवर गप्प बसून होती. आता ती उठली.

"वरतून काय देता?"

"मावशी, बॅग देतो. माऊस देतो."

"थे तर तुमी सगळ्याईलेच देता. बाहेर बोर्ड लावला हाय तुमी."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी अतिशय मन लावून कोपऱ्यातला प्रिंटर बघायला लागले.

"यात लिहायचा मोठा प्रोग्राम आहे मावशी," तो म्हणाला. "एक महिना फुकट."

"अन् महिन्यानं?"

"महिन्यानं पैसे भरा लागतात. नाही भरले तर बंद पडते."

"म्हणजे वापस घेता. मंग याले फोकट काहून म्हणता?" आई माझ्याकडं वळली. "शेंदूरजन्याचा संत्रेवाला फोड चाखाले देते ना, तसं हाय हे. फोड गोड, अन् ढिगातले आंबट."

दुकानदारानं कपाळावरचा घाम पुसला आणि पडद्यावर एक पांढरी, कोरी चौकट उघडून दाखवली. "हा घ्या. टेक्स्ट एडिटर. साधी लिहायची पाटी समजा. हे मात्र कायमचं फुकट, कधीच बंद नाही पडत."

आता खरी गोष्ट अशी की ही पाटी प्रत्येक यंत्रात आधीपासूनच असते. कंपनीच ती आत घालून पाठवते. तिच्यात अक्षर ठळक होत नाही, रंगत नाही, तक्ता काढता येत नाही, नुसतं लिहायचं. ती द्यायला दुकानदाराला करंगळीसुद्धा हलवावी लागत नाही. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही साळसूद चेहऱ्यानं उभे होतो.

आईनं चष्मा सावरून पडद्याकडं पाहिलं. "एकच?"

"एका मशीनला एकच लागते, मावशी."

"सांभाराची एकच काडी कोनी देते का?"

पुढची काही मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्या बिचाऱ्यानं इंटरनेटवर जाऊन आणखी चार पाट्या उतरवून घेतल्या. त्याही फुकटच्या, कुणीही घ्याव्यात अशा. पण प्रत्येक पाटी आत टाकताना तो सुस्कारा सोडत होता. शेवटची टाकून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, "घरचं गिऱ्हाईक म्हणून देऊन राहिलो. कोणाले सांगू नका."

"नाई सांगत," आई म्हणाली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला ठाऊक झालं, की पोरीच्या मशीनवर तिनं पाच पाट्या वरतून घेतल्या.

त्या पाचही पाट्यांचे स्वभाव निराळे निघाले. एकीचा पडदा काळाकुट्ट, तिच्यावर लिहिताना मला पाट्यावरवंट्याशेजारी अंधारात बसल्यासारखं वाटायचं. एक प्रत्येक ओळीला आकडा घालायची. एकीला मराठीचं वावडं होतं, काहीही लिहा, चौकोनच चौकोन दाखवायची. एक मधूनच काही शब्द निळे करायची, का ते तिलाच ठाऊक. कामाची एकच, पहिली, पांढरी. मोठा प्रोग्राम महिनाभर छान चालला, पण त्यात मी आईचं बोलणं उतरवायला घेतलं की 'मले'खाली लाल रेघ, 'काहून'खाली लाल रेघ. मी स्वतः पोरांच्या वह्यांत लाल रेघा ओढून पगार घेते, तरी माझ्या आईच्या बोलण्यावर कुणी रेघा ओढलेल्या मला खपल्या नाहीत. महिना संपला, तो प्रोग्राम रुसून बंद पडला, मी वळूनही पाहिलं नाही. पांढरी पाटी आईला काही बोलत नव्हती.

माझा नवरा दर आठवड्याला विचारायचा, "त्या बाकीच्या चार काढून टाकू का?" मी म्हणायचे, राहू दे. आई पुन्हा अमरावतीला आली आणि मोजायला बसली तर?

खरी धास्ती वेगळीच होती. या पाट्या कुणालाही फुकट मिळतात हे कुणीतरी तिला सांगेल, तेही चारचौघांत. बाजारातला तिचा तेवढाच तर तोरा होता. ती आमच्याकडं आली की मी नवऱ्याला आधीच दम भरून ठेवायचे. एकदा ती असतानाच शाळेतले संगणकाचे सर घरी आले, तेव्हा त्यांना चहा पाजून दारातूनच वाटेला लावलं. ते अजून मला तुसडी समजतात.

पण व्हायचं ते झालंच. उन्हाळ्यात मी अकोल्याला गेले होते. बाजारात आईच्या शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. समोर लसूण विकणारी मावशी बसते. आईची मैत्रीणही तीच आणि वैरीणही तीच. तिच्या तेल्हाऱ्याच्या जावयानं नवा कंप्युटर घेतला होता. मावशीनं आधी लसणाची टरफलं फुंकली, मग चार बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुह्या त्या पाटीचं माह्या जावयाले इच्यारलं. त्याच्यात आधीचीच हाय म्हणते. मांगा बी नाई लागली. सगळ्याईच्यातच रायते थे."

माझे हात मेथीतच थांबले. आजूबाजूच्या बाया आईकडं बघायला लागल्या. मला त्या मावशीचा इतका राग आला, की तिच्या लसणाचा सगळा ढीग उधळून द्यावासा वाटला.

आईनं काट्यावरची वांगी शांतपणे पिशवीत ओतली. "किती हायेत त्याच्यात?"

"किती म्हणजे? एक."

"माह्या पोरीच्यात पाच हायेत. इच्यार तिले."

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. मी वर्गात वापरते तो आवाज काढला. "पाच आहेत." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मावशीचा चेहरा पडला. जरा वेळानं ती स्वतःशीच पुटपुटली, "मंग जावयाले फसवलं त्या दुकानवाल्यानं. चार कमी देल्ल्या." तिनं तिथंच फोन काढून जावयाला दुकानात जायला सांगितलं. तेल्हाऱ्याच्या त्या दुकानदाराचं पुढं काय झालं, कोण जाणे.

घरी परतताना टोपलं माझ्याकडं होतं आणि आई मोकळ्या हातांनी पुढं चालत होती. आता दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं, असं मला वाटलं.

"आई, थे मावशी खरं बोलून राहिली होती. त्या पाट्या सगळ्याईलेच फोकट भेटतात."

"माहित हाय मले."

"कवापासून?"

"दुकानातच. देतानी त्याचं तोंड पाह्यलं ना मी. सांभार देतानी माह्यं तोंड बी असंच रायते."

मी भर रस्त्यात हसत सुटले. "मंग एवढी भांडली काहून त्याच्यासंग?"

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग मागं न बघताच म्हणाली, "मशीन तुह्या पगाराची. पसंत बी तूच केली. मले त्यातलं काय समजते? माह्या हातून तुले काय भेटलं असतं? वरतून आलं तेवढं माह्यं."

माझं हसू तिथंच गेलं. मला रडू आलं, आणि डोक्यावर टोपलं असल्यानं डोळेही पुसता येईनात.

अमरावतीला परतल्यावर नवऱ्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "त्या चार काढून टाकू का?" मी म्हटलं, हात लावशील तर बघ. तो कामावर गेल्यावर मी इंटरनेटवरून आणखी एक पाटी उतरवून घेतली. सहावी. मग आईला फोन केला आणि सांगितलं, की अकोल्याच्या त्या दुकानदारानं आठवणीनं आणखी एक पाठवली, तुझ्या नावानं.

पलीकडं बाजाराचा गलका ऐकू येत होता. मग आईचा आवाज आला, "थांब, फोन ठेवू नको. लसूणवालीले सांग तुह्या तोंडानं." आणि तिनं फोन मावशीच्या हातात दिला.