डाळिंबीच्या पुढचं झाड

सिस्टरांसमोर ‘पिंक’ म्हणायची सोय नव्हती. “पिंक म्हणजे काय? राणी, डाळिंबी की अबोली? साडी घेताना दुकानदाराला काय सांगशील?” मी पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, साडी घ्यायची वेळ आलीच तर आईला फोन लावणारा. ग्लासगोत शेजारीण म्हणून लाभलेल्या या बाईंनी मला चाळिशीत रंग शिकवले.

उभी हयात इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर म्हणून काढलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्या सगळ्यांच्या सिस्टरच राहिल्या. दोन्ही डोळे हळूहळू जात होते आणि मुलगा त्यांना लंडनजवळ वॉटफर्डला, आपल्या घरी न्यायला टपलेला. त्याला त्यांनी बजावलं होतं, “अझेलियाची झाडं फुलली की इथल्या सार्वजनिक बागेची अख्खी फेरी मी माझ्या पायांनी मारते. ज्या मेमध्ये जमणार नाही, त्या मेमध्ये बॅग भरीन.”

फेरीला सोबत मी, पण त्यांचा हात धरायचा नाही. एक पाऊल मागे चालायचं आणि विचारतील तेवढे रंग सांगायचे. एकदा एक झाड सुकत चाललं होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “मस्त फुललंय.” त्यांनी वाकून फुलं चाचपली. “पेशंटशी खोटं बोलणारी नर्स मी वॉर्डात ठेवली नाही. तुला बागेत ठेवू?” पुढे दोन दिवस अबोला.

शेवटच्या मेमध्ये त्यांना उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं. तरी निघाल्या. वासावरून पिवळं झाड ओळखून “केतकी” म्हणाल्या. वळणावर थांबून त्यांनी हात पुढे केला. “ही माझी डाळिंबी. लग्नानंतर इथे आले तेव्हा यांनी दाखवलेली.”

हात नुसता हवेत फिरला. ‘अजून थोडं पुढे आहे’ हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

“झाड नाही, सिस्टर. हिवाळ्यात काढलंय. नुसती माती आहे.”

त्यांनी काठीने ती माती चाचपली. फेरी इथेच संपली, बॅग भरली, असं मी मनात धरलं आणि मला स्वतःचाच राग आला. मग त्यांनी काठी सरळ केली.

“बरं. पुढचं सांग.”

“अबोली.”

“नक्की?”

“नक्की.”

फेरी पुरी झाली. वॉटफर्ड राहिलं ते राहिलंच. त्या थंडीत सिस्टर आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर गेल्या.

यंदा मेमध्ये मी एकटाच बागेत गेलो. सवयीने एक पाऊल मागेच चालत होतो. वळणावर पाय अडले. तरी जे होतं ते स्पष्ट सांगितलं, “सिस्टर नाहीत.”

मग पुढच्या झाडापाशी जाऊन नीट पाहिलं आणि रंग सांगितला.