गेरूची खूण

लेकीने लसूण घालून तापवलेलं तेल माझ्या आखडलेल्या खांद्याला चोळलं, आणि वासासरशी मी सुदामा नगरातून थेट लहानपणीच्या मल्हारगंजात पोचले, मालिशवाल्या पैलवानजींच्या ओसरीवर.

माझे बाबा शाळामास्तर. खांदा धरला तसा त्यांचा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत जाईना. मालिश झाली की पैलवानजी त्यांचं बोट गेरूत बुडवून भिंतीवर जमेल तितकं उंच टेकवायला लावायचे. एकदा बाबांनी हळूच टाचा उचलल्या.

"मास्साब, एड़ी नीचे!"

बाबा ओशाळले. मी लबाडी पकडल्यासारखी खूप हसले.

आज भिंतीवर तशीच रोजची खूण करायला हात वर नेताना माझ्याही टाचा उचलल्या गेल्या. केवढी घाई झाली होती बाबांना फळ्याकडे परतायची! मी टाचा टेकवल्या. तरी बोट कालच्या खुणेच्या वरच होतं.