आवाज कुठे फाटतो

सकाळच्या त्या वेळी आमच्याकडे कुणी येत नाही. दूध वर यायच्या बेतात होतं, धाकटी एका पायात मोजा घालून दुसऱ्यासाठी घर डोक्यावर घेत होती, आणि आमचे हे कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. तळहातानं थापटल्यासारखं.

"बेल काय शोभेला लावलीय?" हे करवादले.

मी गॅस बारीक करून दार उघडलं, तर समोर दणकेभाऊ.

दणकेभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नाही. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात ते गाड्यांमध्ये आवाज बसवून देतात. डिकीत जाड आवाजाचा मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, आणि त्याला ताकद पुरवणारा अॅम्प्लिफायर. चाचणी सुरू झाली की वर आमच्या ओट्यावरच्या बशा थरथरतात, म्हणून ह्यांनीच हे नाव पाडलं. पुढे सगळ्या गल्लीनं उचललं. आता भाऊ स्वतःही फोनवर "दणके बोलतोय" म्हणतात.

इतक्या वर्षांत ते कधी जिना चढून आले नव्हते. आज हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताटाएवढं काहीतरी होतं आणि त्याला करपलेल्या वार्निशचा उग्र वास येत होता.

"या ना, भाऊ. चहा टाकते."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाका. साखर कमी."

धाकटीला मोजा मिळाला, ह्यांना चष्मा मिळाला, बापलेक गडबडीत बाहेर पडले. भाऊंनी टेबलावर कागद सोडला. आत वूफर. मधली तांब्याच्या तारेची कॉइल काळीठिक्कर पडलेली.

हा माणूस कसा काम करतो ते मी जवळून पाहिलंय. दुपारी धाकटीची बस त्यांच्या गाळ्यासमोर थांबते आणि ती येईस्तोवर मी त्यांच्याच स्टुलावर बसलेली असते. गिऱ्हाईक दोन वूफर आणि एक अॅम्प घेऊन येतं, "जोडा" म्हणतं. भाऊ आधी जोडत नाहीत. खडूनं फरशीवर दोन गोल काढतात. "हे बघा, प्रत्येक कॉइल विजेला थोडी अडवते. दोन्ही शेजारी-शेजारी जोडल्या तर अडवणूक निम्मी होते, अॅम्पवर भार वाढतो. एकीमागे एक जोडल्या तर अडवणुकीची बेरीज होते, अॅम्प आरामात राहतो पण आवाज दबतो. तुमचा अॅम्प कितपत सोसेल, तशी जोडी जमवायची." गिऱ्हाईक म्हणतं, "जास्तीत जास्त जोरात कसं वाजेल ते करा." भाऊ म्हणतात, "मग फटाके घ्या की, इथे कशाला आलात?" आणि तरी त्यांच्याकडे रांग असते.

कारण शेवटचं काम ते कानानं करतात. अॅम्पच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो, त्यानं जोर कमी-जास्त होतो. डब्यावर छापलेल्या ताकदीला भाऊ 'जाहिरात' म्हणतात, तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. गाणं लावायचं, स्क्रू हळूहळू फिरवायचा. अॅम्पची कुवत संपते तिथे आवाज फाटतो, चिरका होतो. तिथून किंचित मागे यायचं आणि थांबायचं. "वूफर जोरानं नाही जळत हो, वहिनी," ते नेहमी सांगत. "फाटक्या आवाजानं जळतो."

आणि आज त्यांनीच जोडलेला वूफर माझ्या टेबलावर जळून पडला होता.

"हा पहिला नाही," ते म्हणाले. "असे बरेच परत आले. मी म्हटलं, माल खराब. दुकानदाराशी भांडलो. दुसऱ्या कंपनीचा माल आणला. तोही जळला. मग म्हटलं, लोक माझ्यामागे स्क्रू फिरवतात. हा ज्याचा, त्या टॅक्सीवाल्याला तर तोंडावर म्हणालो, 'हात कुणी लावला खरं सांग.' गरीब माणूस. म्हणाला, 'भाऊ, मी फक्त गाडी चालवतो.'"

"मग?"

"मग काल शेजारचा वेल्डर आत आला नि कानावर हात ठेवून ओरडला, 'बंद करा, किती चिरकतंय!' आणि वहिनी…" त्यांनी जळक्या कॉइलवर बोट ठेवलं. "मला तर छान वाटत होतं."

उकळी येऊन चहा खाली बसला.

"तसाच डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कानाला यंत्र लावून बघितलं. म्हणाले, जाड आवाज शाबूत आहेत. बारीक, टोकदार आवाज गेले. शिट्टी, बेल, पाखरं. हळूहळू गेले, म्हणून कळलं नाही. दणका तर येतोय ना छातीत! मला वाटायचं, सगळं येतंय." ते थोडं हसले. "बायको म्हणते तुम्हाला ऐकू येत नाही. पण ते ती लग्नापासूनच म्हणते, मी कशाला मनावर घेऊ?"

मलाही हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. चहाच्या निमित्तानं ओट्याकडे वळले.

"कानाचं यंत्र मिळतं की, भाऊ."

"मिळेल. माप द्यायचं, सवय करायची, वेळ जाणार. त्यातून फाटलेला आवाज ओळखता येईल का, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, 'हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.'" त्यांनी कपातला चहा नुसताच गोल फिरवला. "गाळा बंद करायला माझी ना नाही. पण टॅक्सीवाल्यावर मी आळ घेतलाय. कॉइल मी जाळली आणि खोटा तो ठरला. काल त्याच्या घरी जाऊन सांगितलं, चूक माझी होती. मला वाटलं, चार शब्द सुनावेल. त्यानं किल्ली काढून हातात दिली. म्हणाला, 'मग नीट करून द्या. उद्या दुपारी येतो.'"

"जोडलंत?"

"पहाटे उठून, नवा वूफर घालून. जोडणी चोख आहे, मीटरवर तपासली. अडवणूक बरोबर येतेय, अॅम्पला पेलेल अशीच जोडी आहे. ते डोळ्यांनी दिसतं. फक्त तो स्क्रू राहिलाय."

"वेल्डरला का नाही बोलावत?"

"त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्याला गोंगाट कळतो, फाटणं नाही कळत. तुम्हाला कळतं. मागे एकदा गॅलरीतून भांडला होतात माझ्याशी, 'भाऊ, वाजवा हवं तितकं, पण आज ते तडकल्यासारखं का येतंय?' मी चिडलो होतो तेव्हा. तुम्ही आत गेल्यावर बघितलं, तर वूफरच्या खोक्याचा एक सांधा सुटला होता. तुम्हाला सांगितलं मात्र नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. मीही ते भांडण कधीच विसरले होते.

"पण भाऊ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला नकोच आहे." त्यांनी जळलेला वूफर पुन्हा कागदात गुंडाळला, उठले आणि दाराशी जाऊन थांबले. मान वर करून माझ्या ओठांकडे नीट बघितलं, उत्तर चुकू नये म्हणून.

"थोडा वेळ खाली येऊन गाडीत बसा, वहिनी. मी स्क्रू फिरवतो. फाटला की मला सांगा."