गाडी बंद करा, भाऊ

३० जून. दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाची मुलं येणार, म्हणून मी खोल्यांच्या दारांवर खडूनं नंबर काढत होते. मी इथं शिकवते; हे काम दरवर्षी माझंच. गेटबाहेरचं काम मेश्राम मॅडमचं. त्या या उन्हाळ्यात वारल्या. प्राचार्यांनी ते यंदा माझ्यावर टाकलं.

मॅडम आमच्या मध्य प्रदेशातल्या सौसरच्या कॉलेजात लायब्ररी सांभाळत. पहिले काही दिवस मात्र त्या रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभ्या राहत. तिथे खेड्यांवरून आलेले बाप मोटरसायकली थांबवत. मागे मुलगी, इंजिन चालूच. मॅडम सरळ जाऊन म्हणत, "गाडी बंद करा, भाऊ."

गेटातच का उभ्या राहत नाही, असं मी एकदा विचारलं.

"गेटात आली ते आलीच न. परतते ते गाडीवरूनच परतते. मी अशीच परतली होती, भावाच्या सायकलवरून. साल गेलं माहं."

एका वर्षी बोरगावची वैशाली आली, मराठी शाळेत शिकलेली. शिकवणारे सर रिवाकडचे, हिंदीतूनच बोलणारे. पहिल्याच तासाला त्यांनी तिला प्रश्न विचारला. ती वहीची पानं चाळू लागली. सर म्हणाले, "बोलने की चेष्टा तो करो." त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिला वाटलं, सर म्हणतात मी त्यांची थट्टा केली. दुसऱ्या सकाळी ती गाडीवरून उतरेना.

"सरांची चेष्टा केली म्हणते," बाप म्हणाला. "काढूनच टाकतीन आता. त्यापरीस नेतो वापस. बसंल घरी."

"गाडी बंद करा, भाऊ." मॅडमनी वैशालीचा हात धरला. "पाह्य, माहा हात कसा थंडा हाये. मलेबी भेव लागून राहिलं. चाल, दोघी भेत भेत जाऊ."

मीही मागोमाग वर्गापर्यंत गेले; सरांना मॅडमच समजावतील असं मला वाटलं. पण मॅडमनी वर्गाच्या दारात थांबून मुलीला पुढे केलं. "तोंड तुहं, बोलनंबी तुहंच."

वैशाली म्हणाली, "सर, हमारे में चेष्टा मतलब मज़ाक. मैंने मज़ाक नहीं किया."

वर्ग हसला. सरही हसले, आणि त्यांनी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले. बाप एकटाच परत गेला. वैशालीनं पदवी घेतली.

त्या सकाळी मॅडम वर्गाबाहेर येऊन पदरानं तळहात पुसत होत्या. मी विचारलं, "खरंच भीती वाटते तुम्हाला?"

"नाही तं काय नाटक करून राहिली? ज्याले भेव नाही त्यानं तिथं उभंच नाही राहावं. पोरीले हात समजते."

१ जुलैला सकाळी मी लिंबाखाली उभी राहिले. पहिली मोटरसायकल आली. मागे मुलगी, तोंडाला ओढणी, उतरायला पाय खाली टेकवलेच नाहीत. तिनं बापाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यानं गाडी वळवायला घेतली. मी पुढे होऊन हँडल धरलं.

"गाडी बंद करा, भाऊ."

त्यानं किल्ली फिरवली. मी मुलीपुढे हात केला. तो बर्फासारखा गार होता. तिनं धरला.