बादलीतले कागद

बीडला कचेरीसमोर एका माणसाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधारची प्रत बिघडली की तो ती बारीक फाडून पाण्याच्या बादलीत बुडवतो. कुणी हसलं तर चिडतो, "हसू नका. तुमच्या नंबरावर उद्या दुसराच कुणी सिम काढंल." मला हा अतिरेकच वाटायचा.

वडील गेले, तेव्हा वारसाच्या कागदांसाठी मी त्यांचं आधार घेऊन गेलो. पहिली प्रत वाकडी आली.

"राहू द्या, आता त्यांना कोण फसवणार?" मी म्हणालो.

"गेलेल्या माणसाचं तर लई सोपं. तक्रार कोण करतंय?"

त्याने प्रत फाडली. नंबर बादलीत गेला. फोटोचा तुकडा मात्र कात्रीने नीट कापून त्याने माझ्या हातावर ठेवला.

"नंबर बुडवला. पर ह्यांना कसं बुडवावं?"